झिप, फ्तूल्का, उश्चेल्का : बाबांच्या वहीतले शब्द आणि रणगाडे उतरवणाऱ्या जहाजांचे सुटे भाग

सागरगोटा

बरीच वर्षं इथे वाचनमात्र होते, आज पहिल्यांदाच धागा काढते आहे.

‘आयएनएस गुलदार’ हे नौदलाचं निवृत्त, रणगाडे उतरवणारं जहाज सिंधुदुर्गातल्या निवती रॉकजवळ समुद्रतळाशी ठेवून तिथे पाण्याखालचं संग्रहालय आणि कृत्रिम प्रवाळभित्ती करायचा प्रकल्प आहे, हे इथल्या बहुतेकांनी वाचलं असेल. जहाज विजयदुर्गला आणलं तेव्हाचे फोटो आईला दाखवले. ती काही बोलली नाही. उठली आणि कपाटातून बाबांची वही काढून माझ्या हातात दिली.

बाबा नौदलात इंजिनरूममध्ये होते. ऐंशीच्या दशकात पोलंडहून या जातीची जी जहाजं आणली, त्यांपैकी एक आणायला ते गेले होते आणि पुढे त्या जातीच्या दोन-तीन जहाजांवर त्यांनी काम केलं. वहीत जहाजाचं नाव एकदाही लिहिलेलं नाही. आहेत त्या फक्त सुट्या भागांच्या नोंदी, पेन्सिलीने, देवनागरीत. शब्द मात्र मला एकही कळत नाही. काही ओळी जशाच्या तशा देते :

‘ग्दिनिया. बर्फ. झिप मोजून घेतली. सगळी आहे.’
‘कालत्सो ६, फ्तूल्का १. डावं इंजिन, ४ नंबर.’
‘फर्सुन्का ३ मागवल्या. एन.ए.’
‘उश्चेल्का जोबोवा गेली. खडू डावीकडे दोन हात तुटक.’
‘झिप रिकामी.’

झिप कशाची? आणि इंजिनवाल्या माणसाला खडू कशाला लागतो? आई म्हणते, बाबांचं जहाज एकाहत्तरच्या लढाईत होतं. ते कसं जमतं हेही कळत नाही. कुणाला माहिती असेल तर सांगा.

ईआरए_निवृत्त

ताई, ती वही प्लास्टिकच्या पिशवीत ठेवू नका. पेन्सिल पुसट होते, कागदाला घाम सुटतो. साध्या सुती कापडात गुंडाळा. आणि प्रत्येक पानाचे फोटो आजच काढून ठेवा.

मी त्याच जातीच्या जहाजावर होतो. नाव मीही लिहीत नाही. ‘एन.ए.’ म्हणजे ‘नॉट अव्हेलेबल’. स्टोअरला मागणी पाठवायची आणि ती हा शेरा घेऊन परत यायची. त्या दोन अक्षरांनी आमच्या किती रात्री खाल्ल्या ते तुमच्या वडिलांना ठाऊक असणार.

झिपचं सांगतो. सोव्हिएत पद्धतीच्या यंत्रांबरोबर सुटे भाग, हत्यारं आणि जोडसामान यांचा एक ठरलेला संच येतो. त्या तीन रशियन शब्दांची आद्याक्षरं मिळून ‘झिप’. लाकडी पेट्या, आत ग्रीस लावून तेलकट कागदात गुंडाळलेले भाग, झाकणाच्या आतल्या बाजूला यादी. जहाज ताब्यात घेताना ती यादी एकेक वस्तू हातात घेऊन तपासायची असते. थंडीत ग्रीस दगडासारखं होतं, बोटं बधिर होतात, आणि तरी तुमच्या वडिलांनी ‘सगळी आहे’ असं लिहिलं आहे. म्हणजे त्यांनी खरंच मोजली होती.

‘झिप रिकामी’ या दोन शब्दांचं वजन बाहेरच्या माणसाला कळायचं नाही. झिप संपली की पुढचा भाग दुसऱ्या जहाजावरून काढून आणायचा, नाहीतर स्वतः घडवायचा. तिसरा मार्ग नव्हता.

रशियन_शिकते

काकांनी झिप सांगितलीच. बाकीचे सांगायचा प्रयत्न करते. तुमच्या बाबांनी शब्द लिहिले आहेत ते ऐकले तसे, म्हणून आधी मलाही लागेनात. मोठ्याने वाचल्यावर लागले.

कालत्सो म्हणजे कडं, रिंग. इथे पिस्टन रिंगच असणार. रशियन लिहिताना ‘को’ असतो, पण जोर दुसऱ्या अक्षरावर असल्यामुळे कानाला ‘का’ ऐकू येतो. त्यांचा कान किती तयार होता बघा! फ्तूल्का म्हणजे नळकांड्यासारखा आतला भाग. इंजिनात सिलिंडरचा लायनर. फर्सुन्का म्हणजे इंजेक्टर, इंधन फवारणारा भाग.

उश्चेल्का मात्र रशियन नाही. मी तीन कोश पाहिले. ‘गेली’ लिहिलंय म्हणून गॅस्केट (सांध्यात बसवायचं सील) असेल वाटलं, पण त्याला रशियनमध्ये ‘प्राक्लाद्का’ म्हणतात. ‘जोबोवा’ तर अजिबातच लागत नाही.

जुनी_जहाजं

सागरगोटाताई, एकाहत्तरचा घोळ आईंचा नाही, नावांचा आहे. आपलं नौदल जुन्या जहाजाचं नाव नव्याला देतं. त्यामुळे गुलदार दोन झाल्या.

पहिली गुलदार आणि पहिली घडियाल १९६६ मध्ये आल्या. १९७१ च्या डिसेंबरात कॉक्स बाजारजवळच्या किनाऱ्यावर सैन्य उतरवायची जी मोहीम झाली, तिच्यात या दोघी आणि पहिली मगर होत्या. ती मोहीम फार जड गेली. किनारा येण्याआधीच वाळूचा दांडा लागला, त्याच्यापलीकडे पाणी पुन्हा खोल होतं, आणि पाठीवर ओझं घेऊन उतरलेले जवान त्यात बुडाले. किनाऱ्याची नीट मोजणी न करता जहाज टेकवलं की काय होतं, याचं हे आपल्या इतिहासातलं सगळ्यात दुखरं उदाहरण आहे.

आता निवतीला जाणारी गुलदार दुसरी. ती ३० डिसेंबर १९८५ रोजी पोलंडमधल्या ग्दिनियाला नौदलात दाखल झाली. चिता १९८४, गुलदार १९८५, कुंभीर १९८६. या तिघी १२ जानेवारी २०२४ रोजी पोर्ट ब्लेअरला एकाच संध्याकाळी निवृत्त झाल्या. मगर दोन, घडियाल दोन, शार्दूल दोन, केसरी दोन. जुने कागद चाळताना नावावर विसंबू नका, वर्ष बघा. इंटरनेटवरच्या निम्म्या लेखांत एकीचा पराक्रम दुसरीच्या खात्यावर टाकलेला असतो.

नावांवरून आठवलं, सत्तरच्या दशकात एक ‘घोरपड’ पण होती. किनाऱ्याला पोट टेकवून चिकटणाऱ्या जहाजाला याहून समर्पक नाव मला सुचत नाही.

लोकोशेड

मी जन्मभर रेल्वेच्या डिझेल शेडमध्ये होतो, जहाजात पाय ठेवलेला नाही. पण हा धागा वाचताना सारखं वाटत राहिलं की ही तर आमचीच इंजिनं. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने रणगाडे उतरवणारी हजारावर जहाजं बांधली. लांबी ३२८ फूट, वेग जेमतेम १२ नॉट. प्रत्येकीत जनरल मोटर्सची दोन १२ सिलिंडरची ५६७ जातीची डिझेल इंजिनं, ९०० अश्वशक्तीची एकेक. ५६७ हा आकडा एका सिलिंडरच्या घनफळाचा, घनइंचांत. हे इंजिन मुळात रेल्वेसाठी काढलेलं. आपल्याकडे १९६२ मध्ये आलेल्या डब्ल्यूडीएम-४ लोकोत याच घराण्याचं १६ सिलिंडरचं इंजिन होतं.

मग १९६९ पासून अमेरिकेने ‘न्यूपोर्ट’ जातीची वीस जहाजं नौदलात घेतली, २० नॉट वेगाची. पहिली तीन सोडली तर बाकीच्यांत अल्को या अमेरिकन लोको कंपनीची १६ सिलिंडरची २५१ इंजिनं, एकेका जहाजात सहा. अल्को २५१ म्हणजे आमच्या डब्ल्यूडीएम-२ लोकोचं इंजिन! ज्या इंजिनाचे हेड मी हजारो वेळा उतरवले, ते सहा-सहा एका जहाजात असतात हे वाचून मी खुर्चीतून उठलोच.

पुढचं महत्त्वाचं. अल्को कंपनीने १९६९ मध्येच लोको बनवणं बंद केलं. म्हणजे पहिलं न्यूपोर्ट नौदलात दाखल झालं आणि इंजिनाचं माहेर बंद झालं, दोन्ही एकाच वर्षी. तरीही ती जहाजं दशकानुदशकं चालली. इंजिनाचे हक्क आणि नकाशे हात बदलत राहिले, पण मेले नाहीत. इकडे वाराणसीचा कारखाना १९६४ पासून हीच जात बांधत होता. ज्या इंजिनाची भावंडं जमिनीवर हजारोंनी धावतात, त्याचा लायनर आणि पिस्टन कुणीतरी कुठेतरी ओततच असतो.

ईआरए काका, तुमच्या पोलिश जहाजांत कुठलं इंजिन होतं?

ईआरए_निवृत्त

दादा, तुम्ही नेमक्या जागी बोट ठेवलंत. रशियातल्या कोलोम्ना कारखान्याची दोन, ‘४० डीएम’, प्रत्येकी २,२०० अश्वशक्ती. आणि कोलोम्ना म्हणजे पुन्हा रेल्वेच. सोव्हिएत एम-६२ लोकोचं इंजिन याच घराण्यातलं.

फरक एवढाच की ती लोको आपल्याकडे कधी आली नाही. तुमच्या अल्कोची भावंडं आपल्या अंगणात होती, आमच्या इंजिनाची भावंडं सगळी तिकडे. १९९१ मध्ये सोव्हिएत संघ मोडला. ज्या पत्त्यावर पत्रं जायची, तो देशच राहिला नाही. जुने करार, जुने दर, जुनी रुबलमधली हिशेबाची रीत, सगळं नव्याने बांधायचं होतं. तोवर जहाज थांबत नाही. ते अंदमानात बेटांवर सैन्य आणि सामान उतरवतच असतं.

जुनी_जहाजं

म्हणूनच पुढे आपल्याकडे काय बदललं ते बघण्यासारखं आहे. पहिली मगर ब्रिटिश होती, १९४९ मध्ये घेतलेली, वाफेच्या इंजिनांची. वाफेचं इंजिन अवजड खरं, पण त्याचा बेअरिंगचा पितळी भाग गोदीतला चांगला कारागीर लेथवर काढू शकतो. डिझेलचा इंजेक्टर तसा निघत नाही. तिथे मायक्रॉनची गोष्ट असते. त्यामुळे वाफेकडून डिझेलकडे जाताना वेग मिळाला आणि स्वावलंबन गेलं.

ते परत आणायला वेळ लागला. दुसरी मगर १९८७ मध्ये आली, देशात बांधलेली. २०२३ मध्ये निवृत्त झाली. कोविडात मालदीवमधून २०२ माणसं कोचीला आणली ती हिनेच. त्यानंतरच्या शार्दूल, केसरी, ऐरावत यांत किर्लोस्करांची पीए-६ इंजिनं आहेत. मूळ रचना फ्रेंच, पिएलस्टिकची, पण इंजिन बांधलं नाशिकमध्ये. रात्री दोन वाजता लायनर तडकला तर फोन कुठे करायचा, हा प्रश्न तिथे सुटतो. माझ्या मते शार्दूलची खरी ताकद हीच आहे. तिच्या तोफांबद्दल लोक लिहितात, या इंजिनांबद्दल कुणी लिहीत नाही.

कोरा_कागद

एक शंका. जहाज स्वस्तात मिळत असेल तर वापरलेलं घेऊन दुरुस्त करणं चांगलं नाही का? इंजिनाचे भाग तर मिळतायत म्हणता.

जुनी_जहाजं

नुसते भाग मिळून भागत नाही. ऑस्ट्रेलियाचं उदाहरण घ्या. १९९४ मध्ये त्यांनी अमेरिकेकडून न्यूपोर्ट जातीची दोन जहाजं घेतली आणि ‘कनिंब्ला’, ‘मनूरा’ अशी नावं दिली. खरेदी स्वस्त होती. उघडून बघितल्यावर गंज इतका निघाला की दुरुस्तीत वर्षं गेली आणि खर्च खरेदीच्या कितीतरी पट झाला. तरी ती चालली, तिमोरला गेली, आखातात गेली. पण देखभालीची उधारी साठत राहिली. २०११ च्या फेब्रुवारीत यासी चक्रीवादळ क्वीन्सलंडवर आदळलं तेव्हा ही दोन्ही आणि तिसरं ‘टोब्रूक’, असं एकही जहाज मदतीला निघण्याच्या स्थितीत नव्हतं. त्यावर रिझ्झो यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी झाली आणि देखभालीच्या सगळ्या पद्धतीवर बोट ठेवलं गेलं. दोन्ही जहाजं त्याच वर्षी काढून टाकली.

उलट उदाहरणही आहे. अमेरिकेचं एलएसटी-३२५ (एलएसटी म्हणजे रणगाडे उतरवणारं जहाज). युद्धकाळात या जहाजांना नावं नव्हती, नुसते क्रमांक. सिसिली, सालेर्नो, नॉर्मंडी सगळं बघितलेलं हे जहाज १९६४ मध्ये ग्रीसला गेलं, १९९९ पर्यंत तिथे राबलं. मग २००० मध्ये निवृत्त अमेरिकन नौसैनिक, सरासरी वय सत्तरीपुढचं, क्रीटला गेले, त्यांनी ते स्वतः दुरुस्त केलं आणि अटलांटिक ओलांडून १० जानेवारी २००१ रोजी अमेरिकेतल्या मोबाइल नावाच्या बंदरात आणलं. इंजिनं तीच, ५६७. हे जमलं, कारण त्या माणसांना प्रत्येक व्हॉल्व्ह कुठे आहे ते पाठ होतं.

आणि फिलिपिन्सचं ‘सिएरा माद्रे’. हेही त्याच युद्धातलं, १९४४ मध्ये अमेरिकेतल्या इव्हान्सव्हिल या नदीकाठच्या गावात बांधलेलं. १९९९ मध्ये ते मुद्दाम एका प्रवाळखडकावर चढवलं आणि आजही तिथेच, कागदोपत्री नौदलाच्या सेवेत, आत सैनिक राहतात. गंजून भोकं पडलेल्या त्या जहाजाला डागडुजीचं सामान पोचवायचं की नाही, यावर फिलिपिन्स आणि चीन यांच्यात वाद झाले आहेत. एका पोलादी पत्र्याला किती अर्थ येऊ शकतो ते तिथे दिसतं.

ईआरए_निवृत्त

कोरा_कागद, तुमच्या प्रश्नात मला आमचं जुनं दुखणं दिसलं, म्हणून माझीही भर.

बाकी सगळी जहाजं जमिनीला लागू नये म्हणून जन्मभर जपतात. आमचं जहाज जाणूनबुजून वाळूवर चढतं. चढताना मागचा नांगर आधी टाकायचा, तार सोडत पुढे जायचं, पोट टेकलं की दारं उघडायची, रॅम्प खाली. काम झालं की त्याच तारेवर विंचने स्वतःला मागे ओढून घ्यायचं. आता विचार करा. पंखे उथळ पाण्यात ढवळतात, वाळू उसळते, थंड पाण्याच्या नळीतून ती आत येते. पंपाचा इंपेलर वाळूने घासून सुरीसारखा पातळ होतो. कूलरच्या नळ्या बुजतात. तारेचे धागे एकेक तुटतात. तळाचा रंग खरवडून निघतो आणि तिथूनच गंज सुरू होतो.

चिता, गुलदार, कुंभीर निवृत्त झाल्या तेव्हा नौदलाने आकडे दिले होते. तिघींचे मिळून १२,३०० दिवस समुद्रात, सुमारे १७ लाख सागरी मैल, आणि किनाऱ्यावर चढणं १,३०० हून जास्त वेळा. म्हणजे एकीच्या वाट्याला सरासरी चारशेहून जास्त वेळा वाळू. मैल मोजून या जहाजाचं आयुष्य कळत नाही, ते किनाऱ्यांत मोजावं लागतं. वापरलेलं जहाज घेताना मी एवढंच विचारीन : किती वेळा टेकलं, आणि दर खेपेनंतर काय बदललं? ते लिहिलेलं नसेल तर किंमत कितीही कमी असो, ते जहाज महाग आहे.

लोकोशेड

आमच्याकडे प्रत्येक लोकोचं हिस्ट्री बुक असायचं. लायनर बदलला की तारीख, जागा, कुणी बसवला. नवा मुलगा आला की मी आधी ते वाचायला द्यायचो, पाना नंतर. ताईंच्या वडिलांनी ‘डावं इंजिन, ४ नंबर’ असं लिहिलंय ना, ते वाचून बरं वाटलं. ‘लायनर बदलला’ एवढंच लिहिणारे पुष्कळ असतात. कुठला बदलला ते लिहिणारा थोडा.

बाल्टिक

धागा उशिरा पाहिला. माझं काही वर्षं ग्दान्स्कला वास्तव्य होतं. उश्चेल्का जोबोवा हे पोलिश आहे! उश्चेल्का म्हणजे गॅस्केट, रबरी सील. जोबोवा म्हणजे नाळेकडचं, जहाजाच्या पुढच्या टोकाचं. ‘पुढच्या दाराचं रबर’ असा सरळ अर्थ.

या जातीची पहिली जहाजं ग्दान्स्कच्या ‘पूव्नोत्स्ना’ गोदीत बांधली. पूव्नोत्स्ना म्हणजे उत्तरेकडची. जगभर या जातीला ‘पोल्नोक्नी’ म्हणतात ते त्याच शब्दावरून.

रशियन_शिकते

म्हणजे बाबांनी इंजिनाचे शब्द रशियन लिहिलेत आणि सांगाड्याचे पोलिश! जो भाग ज्या माणसाकडून शिकले त्याच्याच भाषेत. ताई, वहीत आणखी पोलिश शब्द असतील तर ते बहुधा दारं, रॅम्प, विंच यांचे निघतील. बघा बरं.

सागरगोटा

तुम्हा सगळ्यांचे आभार कसे मानू. काल रात्री आई आणि मी पुन्हा वही घेऊन बसलो. रशियन_शिकते म्हणते तसंच आहे. दोन रांगाच करता येतात.

खडूचं मात्र अजून राहिलं. आणि एक पान मिळालं. तारीख ९२ ची. त्यावर एक आकृती आहे, मराठी ‘ट’ आडवा केल्यासारखी, बाजूला मिलिमीटरची मापं. खाली लिहिलंय : ‘नमुना कापून दिला. कडक झालं. पुन्हा.’ त्याखाली : ‘दुसरं. अजून कडक.’ असं चार वेळा.

ईआरए_निवृत्त

ताई, ते रबर इकडे बनवून घेत होते. पुढच्या दाराचं सील. जुन्या रबराचा तुकडा कापायचा, त्याचा छेद कागदावर ठेवून आकृती काढायची, मापं घ्यायची आणि तसं रबर ओतून घ्यायचं. आकार जमतो, पण मऊपणा जमता जमत नाही. रबर कडक असेल तर दार मिटल्यावर दबत नाही आणि फट राहते. फार मऊ असेल तर उन्हापाण्यात वर्षभरात चिंध्या होतात. चार वेळा म्हणजे काहीच नाही.

आता खडू. दाराच्या चौकटीची एक पातळ पोलादी कड असते, ती रबरात रुतली की पाणी अडतं. ती रुतते की नाही हे दार मिटल्यावर बाहेरून दिसत नाही. म्हणून त्या कडेला सगळीकडून खडू लावायचा, दार पूर्ण आवळायचं, पुन्हा उघडायचं. रबरावर खडूची रेघ उमटते. रेघ सलग असली तर दार बसलं. जिथे रेघ तुटते तिथून समुद्र आत येणार. आणि या जहाजात दारामागे टँकडेक, म्हणजे रणगाडे ठेवायचं एक सलग मोकळं दालन. त्यात पाणी शिरलं तर एका कुशीवरून दुसरीवर धावतं आणि जहाजाला आडवं करतं. ‘डावीकडे दोन हात तुटक’ म्हणजे दोन हात लांबीची जागा उघडी होती. तेवढी पुरते.

त्या पानाच्या पुढे काय लिहिलंय?

सागरगोटा

पुढचं पान दुसऱ्याच पेन्सिलीने आहे, ठळक. तारीख पावसाळ्यातली. इंजिनाची एकही नोंद नाही. एकच ओळ :

‘पाचवं. खडू सलग.’

आणि आईने आता दाखवलं, पानाच्या कोपऱ्यात एक पांढरट डाग आहे. मी पुसणार होते.

ईआरए_निवृत्त

पुसू नका.